माजी विद्यार्थी शाळेशी जोडलेले ठेवायचे तर: जनरल रजिस्टरपासून बँक खात्यापर्यंत

दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे आता गावोगाव होतात. एका रंगाचे टी-शर्ट, फेटे, ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ, दुपारी मसालेभात आणि जिलेबी. दुसऱ्या दिवशी मंडळी पुण्या-मुंबईला परत जातात. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुढे वर्षानुवर्षे चालतो, वाढदिवस होतात, लग्नपत्रिका येतात, पण त्यात शाळेचा विषय पुन्हा निघत नाही. मेळाव्यामुळे बॅच आपापसात जोडली जाते. शाळेशी ती जोडली जाईलच असे नाही. ते काम वेगळे आहे, बरेचसे कारकुनी आहे आणि त्यात फोटो काढण्यासारखे फारसे काही नसते.

हा लेख तालुक्याच्या किंवा खेड्यातल्या अनुदानित मराठी माध्यमिक शाळेसाठी आहे. मुख्याध्यापक, एक लिपिक, एखाद-दोन शिपाई आणि थोडे उत्साही माजी विद्यार्थी, एवढेच मनुष्यबळ गृहीत धरले आहे.

आधी दोन माणसे शोधा

समिती लगेच नेमू नका. अध्यक्ष कोण, कार्याध्यक्ष कोण, यातच पहिली बैठक संपते आणि गावकी-भावकी तिथूनच आत शिरते. सुरुवातीला दोनच माणसे पुरतात. एक शाळेतला शिक्षक, ज्याच्या निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत आणि ज्याची बदली व्हायची शक्यता कमी आहे. रयतसारख्या मोठ्या संस्थांत बदल्या होतच असतात, म्हणून शक्यतो आसपासच्या गावचा शिक्षक बघा. दुसरा माणूस म्हणजे गावातच राहणारा माजी विद्यार्थी.

गावातच राहणारा, यावर मी अडून बसेन. पुण्यातला आयटीवाला यादीचे सॉफ्टवेअर झकास करून देईल, पण रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे आणि कपाट शाळेच्या वेळेतच उघडते. शिवाय गावात ज्याचे झेरॉक्सचे, मेडिकलचे किंवा किराणाचे दुकान आहे, त्याच्यासमोरून सगळा गाव जातो. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण सुरतेला गेला, कोण वारला, हे त्याला न विचारता कळते.

या दोघांना मुख्याध्यापकांकडून लेखी पत्र द्या: जुनी रजिस्टरे शाळेत बसून बघण्याची परवानगी, कोणत्या दिवशी, कोणाच्या उपस्थितीत. पत्र नसेल तर लिपिक रजिस्टर देणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

यादी रजिस्टरवरूनच करा, आठवणीवरून नको

आठवणीवरून केलेली यादी नेहमी हुशार, खोडकर आणि श्रीमंत मुलांची होते. मागच्या बाकावर गप्प बसणारा तिच्यात नसतो. जनरल रजिस्टरमध्ये मात्र शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाची नोंद असते आणि हे दप्तर कायम जतन करायचे असते. त्यामुळे शाळा सुरू झाली त्या दिवसापासूनची यादी शाळेच्या हातात आधीच आहे. ती फक्त उतरवून काढायची.

एका साध्या एक्सेल शीटमध्ये रजिस्टरमधले पाचच रकाने घ्या: रजिस्टर क्रमांक, नोंदीतले पूर्ण नाव, गाव, शाळा सोडल्याचे वर्ष आणि सोडताना कोणती इयत्ता. जात, जन्मतारीख, वर्तन हे रकाने उतरवायचे नाहीत. रजिस्टरच्या पानाचा फोटो कोणाच्याही मोबाइलमध्ये जाता कामा नये. एकाची जात आणि जन्मतारीख दुसऱ्याच्या ग्रुपवर फिरली की काम तिथेच संपते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली आला आहे. तेव्हा फोन नंबर घेतानाच तो कशासाठी वापरणार ते सांगा आणि होकार नोंदवून ठेवा.

बॅच मोजताना एक खाच आहे. १९७५ पर्यंत जुनी अकरावीची शालान्त परीक्षा होती. त्या वर्षी नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन्ही तुकड्या बाहेर पडल्या. म्हणून १९७५ ला दोन याद्या करा, नाहीतर वर्षाने लहान-मोठी मुले एकत्र येऊन घोळ होतो.

आणि माजी विद्यार्थी म्हणजे कोण? ज्याचे नाव रजिस्टरला आहे तो. दहावीत नापास झालेला, आठवीतून ऊसतोडीला गेलेला, सातवीनंतर लग्न लावून दिलेली, सगळे. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर 'पास झालेल्यांचीच बॅच' असा आग्रह धरणारे भेटतात. पण शाळेचे छप्पर उडाले तर पत्रे घेऊन शिडीवर चढणारा बहुधा तो नापास झालेलाच असतो.

मुलींची नावे शोधणे हे या कामातले सर्वात किचकट आणि सर्वात मोलाचे प्रकरण. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते, आणि मुलांच्या ग्रुपमध्ये त्यांना कोणी घेतलेले नसते. परिणामी 'माजी विद्यार्थी संघ' हा प्रत्यक्षात माजी मुलग्यांचा संघ होतो. शीटमध्ये माहेरचे नाव आणि सध्याचे नाव असे दोन रकाने ठेवा आणि शोध माहेरच्या नावानेच सुरू करा. हे काम एखाद्या माजी विद्यार्थिनीकडे द्या. गावात राहणारी अंगणवाडी सेविका किंवा आशाताई शाळेची माजी विद्यार्थिनी असेल तर उत्तमच. आईला, वहिनीला विचारून नंबर मिळतो. पुरुषाने विचारला तर 'कशाला हवाय?' हा प्रश्न येतो.

सगळ्या बॅच एकदम हाती घेऊ नका. सत्तरीच्या पुढच्यांपासून सुरू करा, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि आपल्याकडे नाही. त्यांना फोन करू नका, घरी जा. शाळा देवळात भरत होती का, पहिले मुख्याध्यापक कोण, जागा कोणी दिली, हे त्यांच्याखेरीज आता कोणी सांगणार नाही. त्यानंतर साधारण चाळिशी-पन्नाशीतल्या बॅच घ्या. विशीतली पोरे नोकरीच्या आणि लग्नाच्या धावपळीत असतात, ती लगेच हाती लागली नाहीत म्हणून खट्टू होऊ नका.

दाखल्याची खिडकी

माजी विद्यार्थी शाळेत स्वतःहून कधी येतो? मेळाव्याला नव्हे, कागदासाठी. शाळा सोडल्याचा दाखला हरवला, पासपोर्टसाठी जन्मस्थळाची नोंद हवी, आईचे नाव चुकले, मुलाच्या जात पडताळणीसाठी वडिलांचा किंवा आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, हवी. पडताळणीत विशिष्ट तारखेच्या आधीच्या नोंदींना वजन असते. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पाने आजही शोधली जातात आणि त्यासाठी लोक नाशिकहून, ठाण्याहून रजा टाकून येतात.

अशा माणसाला 'साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या' असे दोनदा ऐकावे लागले, तर पुढे शाळेने कितीही गोड निमंत्रण पाठवले तरी तो येणार नाही. उलट अर्ध्या तासात काम झाले, शिपायाने बसायला खुर्ची दिली, तर तो बाहेर पडताना स्वतःच विचारतो, 'शाळेला काही लागतं का?' माझ्या मते माजी विद्यार्थी जोडण्याचा निम्मा कारभार या खिडकीवर होतो.

म्हणून एवढे करा. दाखले आणि उतारे देण्याचा आठवड्यातला एक ठरावीक दिवस आणि वेळ फाटकावर लावा. अर्ज, ओळखपत्र, लागत असेल तिथे प्रतिज्ञापत्र, अशी कागदांची यादीही तिथेच लावा. तुम्ही केलेल्या शीटमुळे रजिस्टर क्रमांक आधीच सापडत असल्याने लिपिकाचे श्रम निम्म्यावर येतात. हा फायदा त्याला सुरुवातीलाच दाखवा, म्हणजे तो तुमच्या बाजूने होतो. बाहेरगावच्या माणसाला फोनवर क्रमांक आणि वर्ष विचारून पान शोधून ठेवा, म्हणजे त्याची एकच फेरी होईल. आणि उतारा हातात देताना एक छोटा फॉर्म पुढे करा: सध्याचे गाव, काम, नंबर, संपर्क ठेवला तर चालेल का. यादी अशी आपोआप भरत जाते.

नोंदीत दुरुस्ती करा म्हणून कोणी गळ घातली, तर मात्र ओळख, बॅच, देणगी काहीही मधे येऊ देऊ नका. दुरुस्ती नियमानेच होईल. जुन्या नोंदींत खाडाखोड झाल्याचा नुसता संशय आला तरी सगळ्या शाळेच्या कागदांची किंमत जाते.

ग्रुप कसे बांधावेत

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसे मावतात, म्हणून सगळी शाळा एकाच ग्रुपमध्ये कोंबण्याचा मोह होतो. करू नका. सत्तरीतले काका आणि बाविशीतला पोरगा एकमेकांना ओळखत नाहीत. मग सुप्रभात, राजकीय फॉरवर्ड आणि आठवड्याभरात भांडण. बॅचचे गप्पांचे ग्रुप त्यांचे त्यांनी चालवावेत, शाळेने त्यात डोकावू नये. शाळेचा एक वेगळा ग्रुप करा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहील आणि प्रत्येक बॅचचे दोन प्रतिनिधी असतील, त्यातली एक स्त्री. शाळेचा निरोप प्रतिनिधींना, प्रतिनिधी तो आपल्या बॅचला देतील. या ग्रुपचा नंबर शाळेच्या नावाचा असावा, कोणा सरांचा खासगी नको.

महिन्याला एकच निरोप पाठवा. त्यात शाळेत खरोखर काय घडले ते असावे: कोणत्या मुलीने तालुक्याला धावण्यात नंबर काढला, कोणते सर निवृत्त होत आहेत, विहिरीला पाणी लागले की नाही. पहिला निरोप असा लिहिता येईल:

'नमस्कार. आपल्या शाळेच्या १९९८ सालच्या दहावीच्या बॅचची यादी जनरल रजिस्टरवरून केली आहे. ६४ पैकी २१ जणांचा पत्ता लागलेला नाही, त्यांची नावे खाली आहेत. कोणी ओळखीचे असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांची हरकत नसेल तरच नंबर कळवा. हा निरोप वर्गणीसाठी नाही.'

शेवटचे वाक्य गाळू नका. उत्तरे त्यामुळेच येतात.

निरोपांइतकाच चालणारा दुसरा उपाय म्हणजे जुने वर्गफोटो. शाळेच्या पायऱ्यांवर तीन रांगांत काढलेले ते कृष्णधवल फोटो स्कॅन करा आणि बॅचला फक्त विचारा: दुसरी रांग, डावीकडून चौथा कोण? रात्री अकरापर्यंत उत्तरे येत राहतात, आणि त्या ओघात हरवलेली नावेही सापडतात. नावे पक्की झाली की फोटोखाली लिहून शाळेत ठेवा.

मेळावा घ्यायचाच तर

तारीख निम्मे काम करते. भाऊबीजेला मुली माहेरी आलेल्या असतात, म्हणून तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवलात तर त्या येऊ शकतात. एरवी सासरहून फक्त मेळाव्यासाठी निघणे अनेकींना जमत नाही. जत्रेच्या आदल्या-मागल्या दिवसाचाही विचार करा. कोकणात गणपतीला चाकरमानी झाडून येतात खरे, पण घरोघरी आरत्या, पाहुणे आणि भजनांची रात्र, त्यात शाळेला कोण वेळ देणार? तिथे मे महिना बरा. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी कोकणातल्या शाळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पैसे आणि माणसे उभी केली आहेत. तुमच्या गावचे असे मंडळ असेल तर वेगळा संघ काढून त्याला समांतर उभे राहू नका, त्याच्याच बैठकीत जाऊन बसा.

सत्काराला कात्री लावा. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप यात तीन तास जातात आणि लोक मांडवाबाहेर उभे राहून गप्पा मारतात. आमदारांना बोलावले तर दिवस त्यांचा होतो. त्यापेक्षा घंटा द्या, मैदानात प्रार्थना घ्या, जुन्या वर्गात बसवून निवृत्त बाईंना हजेरी घेऊ द्या. गेलेल्यांची नावेही हजेरीत घ्या. मग पंगत. निवृत्त शिक्षकांना घरून आणायला आणि सोडायला गाडी पाठवा. बरेच जण केवळ त्यांना भेटायला आलेले असतात. आणि जुन्या शिपायांना विसरू नका. मुलांच्या आठवणीत मुख्याध्यापकांपेक्षा ते ठळक असतात.

दुपारी एक तास आजच्या शाळेसाठी राखा. मुख्याध्यापकांनी मंडळींना स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय फिरवून दाखवावे. रंगरंगोटी करून नको, आहे तसे. पैशाचे आवाहन त्या दिवशी करू नये.

शाळेला नेमके काय मागायचे

'काहीतरी करूया' म्हणणाऱ्या माणसाला लगेच ठोस काम दिले नाही तर तो पंखा देतो. मराठी शाळांत पंख्याच्या पात्यांवर, घड्याळांवर, बाकांच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले इतके असते की वर्गात मान वर केली तरी गावाची वंशावळ वाचता येते. पंखे हवेतच, पण वीजबिल कोण भरणार? डिजिटल फळा देणारे पुष्कळ भेटतात, दोन वर्षांनी तो दुरुस्त करणारा भेटत नाही.

मागणीची यादी शिक्षकांनी जूनमध्ये करावी आणि तिच्यात वस्तूंपेक्षा वेळ जास्त मागावा. एक उदाहरण देतो. आठवीच्या मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्नांचे. एखाद्या माजी विद्यार्थ्याने जुलैपासून दर शनिवारी शाळेनंतर तासभर ही तयारी घेतली, बाहेरगावच्याने ऑनलाइन घेतली, तरी दोन-चार घरांचे शिक्षण सावरते. कोणत्याही पंख्यापेक्षा हे मोठे.

करिअर मार्गदर्शनाला अमेरिकेतल्या इंजिनिअरलाच बोलावतात. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यांना खरा उपयोग होतो तो चार वर्षांपूर्वी आयटीआय करून चाकणला लागलेल्या मुलाचा, नर्सिंगला गेलेल्या ताईचा, पोलीस भरतीत एकदा नापास होऊन पुन्हा लागलेल्याचा. किती फी लागली, खोली कुठे घेतली, पगार किती, हे ते सांगू शकतात. त्यांना नववीच्या वर्गासमोर उभे करा. प्रश्न मुलांकडून आधी चिठ्ठीवर घ्या, समोरासमोर ती विचारत नाहीत.

पाहुणा वर्गात असताना शिक्षक तिथे हवाच, माजी विद्यार्थी कितीही विश्वासाचा असो. मुलामुलींचे नंबर घ्यायचे नाहीत, फोटो परस्पर टाकायचे नाहीत. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला या उपक्रमांची आधी कल्पना द्या.

वस्तूच द्यायच्या असतील तर शिक्षण मंत्रालयाच्या 'विद्यांजली' पोर्टलवर शाळेने गरज नोंदवावी. २०२१ पासून ते सध्याच्या रूपात चालू आहे. देणाऱ्यालाही नोंद राहते आणि शाळेलाही.

पैसा आला की

पहिले वर्षभर पैसे गोळा करू नका. नंतरही कोणाच्या खासगी गूगल पे वर एक रुपया घेऊ नका, भले तो गावातला सर्वात सचोटीचा माणूस असो. सचोटीचा माणूसच अशा हिशेबात बदनाम होतो. देणगी शाळेच्या संस्थेच्या खात्यात घ्या, पावती द्या, आणि वर्षाला एका पानाचा जमाखर्च प्रतिनिधींच्या ग्रुपवर टाका.

स्वतंत्र संघ नोंदवायची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. मग दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हे न केल्याने कागदावरच उरलेले संघ पुष्कळ आहेत. काम दोन-तीन वर्षे टिकले, रक्कम वाढली, तर नोंदवा.

देणगीदार प्राप्तिकरातली ८०-जी सवलत विचारतील. संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच हो म्हणा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत लागू होत नाही आणि नवी करप्रणाली घेणाऱ्याला ती मिळत नाही.

परदेशातल्या मुलामुलींचा पैसा जपून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण ज्याने तिथले नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीय धरली जाते. ती घ्यायला परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत ठरावीक खाते लागते. बहुतेक गावातल्या शाळांकडे हे नसते. अशा मित्राकडून तास मागा. भारतातल्या रविवारी सकाळी आठला कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ असते, ऑनलाइन शिकवायला ती वेळ छान.

नवी बॅच निसटू देऊ नका

एवढे करून जुने शोधत राहायचे आणि दर जूनला एक अख्खी बॅच हातून सोडायची, हे बहुतेक ठिकाणी चालते. निरोप समारंभाच्या दिवशीच दोन प्रतिनिधी निवडा. दाखला न्यायला मुले येतील तेव्हा फॉर्म भरून घ्या. मुलाचा नंबर वर्षात बदलतो, म्हणून आईचा नंबर, घरचा पत्ता आणि गावातल्या एका नातेवाईकाचा नंबर घ्या. मूल अठरा वर्षांखालचे असल्याने पालकाची सही हवी. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रतिनिधीने एकदा सगळ्यांना फोन करावा: कोण कुठे शिकते, कोणाचे शिक्षण थांबले. थांबलेल्यांची नावे शाळेला कळवावीत. बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म भरायला शाळेतलाच कोणी मदत करू शकतो.

मुख्याध्यापक बदलताना

अनुदानित शाळेत मुख्याध्यापक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि पुष्कळदा हा सगळा व्याप त्यांच्याबरोबर घरी जातो. शाळेच्या ईमेलचा आणि शीटचा पासवर्ड, ग्रुपचे अ‍ॅडमिनपद, ग्रुपचे सिम कार्ड, स्कॅन केलेल्या फोटोंची हार्ड डिस्क, होकाराचे फॉर्म आणि चालू वर्षाचा देणगी हिशेब, हे सगळे कार्यभार सोपवण्याच्या यादीत चाव्या आणि शिक्क्यांच्या शेजारी लिहा आणि नव्या मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्या. बँकेतल्या सह्या बदलायला संस्थेचा ठराव लागतो. तो निवृत्तीच्या महिनाभर आधीच्या सभेत करून ठेवा.